खिडकीजवळची खाट

मॅलकी टॅन्सीच्या स्वयंपाकघरात अट्रॅक्टाबाई फीहिली पावाला लोणी लावत उभ्या होत्या, तेव्हा मंत्र्यांची गाडी आलेली त्यांना खिडकीतून दिसली. गाडी दारापर्यंत आली नाही. चर्चच्या भिंतीआड, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी उभी राहिली. तुरलो मॅकगॅरी उतरले, त्यांनी कोटाची बटणं लावली आणि भुरभुर पावसात दाराबाहेरच्या रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन ते उभे राहिले.

"आला बघा," शेजारचा म्हातारा मॉसी किटली भरता भरता म्हणाला. "बाई, आज तुम्ही आणि मंत्री एकाच किटलीतला चहा पिणार. त्यासाठी बिचाऱ्या मॅलकीला मरावं लागलं."

"मॉसी, हळू बोल जरा."

"हळू कशाला? मॅलकीला ऐकू जातंय होय?"

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ड्रमकाराच्या शाळेत त्यांनी इतकी वर्षं शिकवलं होतं, की गावातले निम्मे लोक त्या नजरेनं आजही गप्प होत. मॉसी त्यांच्या हाताखाली शिकला नव्हता, त्यांच्याहून मोठाच होता, तरी तोही किटली घेऊन मुकाट्यानं बाहेर गेला.

मधलं दार उघडं होतं. पलीकडच्या खोलीत मॅलकी आपल्या रविवारच्या सुटात, बोटांत जपमाळ गुंडाळून शवपेटीत निजला होता. लोक एका दारानं आत येत, त्याच्या गार हातावर हात ठेवत, ओठांतल्या ओठांत काही म्हणत, आणि मग त्याच्या मुलीचा हात हातात घेत. मुलगी फिनोला ऑस्ट्रेलियाहून आदल्या रात्री पोचली होती. ती पेटीच्या डोक्याशी उभी होती. तिच्या शेजारी एक खुर्ची होती, तिच्यावर विणलेली उशी होती, आणि खुर्ची रिकामी होती. दाटी असूनही तिच्यावर कुणी बसत नव्हतं.

ती विनीची खुर्ची. मॅलकीची बायको विनी तिथून बरीच लांब, बॅलिनॉरनच्या शुश्रूषागृहात होती. तिची आठवण दोन-तीन वर्षांपासून विरत चालली होती, आणि घरी एकट्या मॅलकीच्यानं तिचं होईना. तशी ड्रमकारातच सोय होती. गावच्या छोट्या रुग्णालयाचा वरचा कक्ष अशा माणसांसाठीच बांधलेला. मॅलकीच्या दारातून त्याच्या खिडक्या दिसत. पण माणसं कमी आहेत म्हणून सरकारनं तो कक्ष तात्पुरता बंद केला होता आणि ते तात्पुरतं काही संपत नव्हतं. मॅलकीला गाडी चालवता येत नव्हती. बॅलिनॉरनला जाणारी बस बुधवारी, फक्त बुधवारी. दर बुधवारी तो दाढी करून, टोपी घालून, खिशात विनीसाठी लवंगेच्या लाल गोड गोळ्यांची पुडी घेऊन त्या बंद खिडक्यांखालून चालत थांब्यावर जायचा.

मागच्या बुधवारीही तो तसाच गेला. थांब्यावरच्या बाकावर बसला. बस आली, दार उघडलं, आणि मॅलकी उठला नाही. चालवणाऱ्या बाईनं आधी हॉर्न वाजवला. तिला वाटलं, डुलकी लागली असेल.

अट्रॅक्टाबाईंनी लोण्याची सुरी पुसली. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या आणि सगळ्यांना, स्वतःलाही, आश्चर्याचा धक्का देत निवडून आल्या होत्या. तेव्हापासून डब्लिनच्या संसदेत त्या विरोधी बाकांवर बसत. या मतदारसंघातून चौघं निवडून जातात. त्यांतल्या एक त्या, आणि एक हे तुरलो मॅकगॅरी, वृद्धांच्या देखभालीचे राज्यमंत्री. त्या बंद कक्षाबद्दल बाईंनी त्यांना सभागृहात किती वेळा विचारलं होतं. उत्तर ठरलेलं असायचं. कक्ष यथावकाश उघडण्यात येईल. मग बाई, वर्गात करायच्या तसा चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "हो की नाही? मंत्र्यांनी एका शब्दात सांगावं." सभागृहात हशा पिकायचा. आता तर त्या उठल्या, की समोरच्या बाकांवरून आधीच कुणीतरी ओरडायचं, "एका शब्दात!"

रांग पुढे सरकत मॅकगॅरी आत आले. त्यांनी मॅलकीच्या हातावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग फिनोलाचा हात धरला.

"माझ्या पहिल्या निवडणुकीत तुझ्या बाबांनी शिडी धरली होती माझी, फलक लावताना," ते म्हणाले. "आणि वर चढल्यावर खालून सांगितलं, 'तुरलो, शिडी धरतोय, पण मत नाही हं देणार.'"

फिनोला हसली आणि तिचे डोळे भरून आले. "असेच होते."

"आई कुठे आहे? आत पडलीय का?"

"आई बॅलिनॉरनला असते. तिला सांगितलेलं नाही. तिथल्या नर्स म्हणाल्या, सांगितलं तर रोज विसरेल आणि रोज नव्यानं सांगावं लागेल."

मॅकगॅरींनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

इकडे स्वयंपाकघरात बाई ताठ झाल्या. विनी कुठे आहे, असं हा माणूस विचारतो! विनीची सगळी हकीकत याच्या टेबलावर किती महिने पडून आहे. आपणच पाठवली. आणि हा इथे येऊन शिडीच्या गोष्टी सांगतो. त्यांनी सुरी इतक्या जोरात दाबली, की पाव फाटला.

थोड्या वेळानं मंत्री चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. "बाई, सँडविच छान झालीत."

"हॅमची आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे पाठ केली.

*

फिनोलानं बाईंना मागच्या अंगणात गाठलं. तिथे मॅलकीनं हिवाळ्यासाठी रचलेला जळणाचा ढीग होता. ती त्याला टेकून उभी राहिली. या पोरीला त्यांनी पाढे शिकवले होते, आणि आता तिच्या कपाळावरच्या केसांत पांढरं दिसत होतं.

"बाई, आईच्या खाटेचा तुमचा प्रश्न लागलाय ना पुढच्या आठवड्यात?"

"लागलाय. चिठ्ठ्या टाकून प्रश्न निवडतात, त्यात वर आलाय. या खेपेला तोंडी उत्तर द्यावंच लागेल त्यांना."

"बाबांबद्दल काही बोलू नका तिथे."

"नाव कधीच घेत नाही आपण. छापील प्रश्नात नुसतं असतं, 'ड्रमकारा येथील एका व्यक्तीस, तपशील दिला आहे.' नाव फक्त खात्याला कळतं."

"नावाचं नाही म्हणत मी. ते गेले, हेच नका सांगू." फिनोलानं नाक पुसलं. "तुम्ही सांगितलंत की संध्याकाळी बातम्यांत येईल. बसथांबा दाखवतील. ते बाक दाखवतील. आईच्या तिथे दिवसभर टीव्ही चालू असतो, बाई. तिला माणसं ओळखू येत नाहीत, पण ते बाक ओळखेल ती. लग्नाआधी तिथेच भेटायची दोघं."

पावसाचे थेंब जळणावर पडत होते आणि आत मुरत होते.

"शब्द द्या," फिनोला म्हणाली. मग ओल्या डोळ्यांनी, चौथीतल्या मुलीसारखी, बाईंचाच आवाज काढून तिनं विचारलं, "हो की नाही? एका शब्दात."

"हो," बाई म्हणाल्या.

*

"समोर गोलरक्षकच नाही, बाई," अल्टन ब्रॉफी म्हणाला. "नुसता पाय लावायचाय."

अल्टन पक्षाचा प्रतोद होता. कुणी कधी बोलायचं आणि काय बोलायचं, हे तो बघायचा. वयानं बाईंच्या मुलाएवढा. लेन्स्टर हाउसमधल्या, म्हणजे संसदेच्या इमारतीतल्या, बाईंच्या चिंचोळ्या खोलीत तो खिडकीच्या कठड्यावर बसला होता आणि पाय हलवत होता. ड्रमकाराच्या कुणा कार्यकर्त्यानं त्याला फोनवर सगळं कळवलं होतं. स्थानिक रेडिओवर सकाळी मृतांची नावं वाचतात, ती या देशातला प्रत्येक राजकारणी मनापासून ऐकतो.

"बायकोला भेटायला निघालेला म्हातारा बसच्या बाकावर मरतो," अल्टन म्हणाला. "तुम्ही एवढंच म्हणा आणि खाली बसा. दुसरं काही बोलूच नका. मॅकगॅरी उभा राहू शकणार नाही."

"मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"माझ्या विद्यार्थिनीला."

अल्टननं पाय हलवणं थांबवलं. तो वाईट मुलगा नव्हता. त्याचा आवाज उलट खालीच आला. "बाई, त्या कक्षात काय एक विनीच जाणार होती का? तुमच्या भागातली बाकीची म्हातारी माणसं कुठे कुठे टाकलीत, तुम्हीच मला सांगितलंय. कुणाचा नवरा, कुणाची बहीण बसची वाट बघतेय. तुम्ही बोललात तर त्या कक्षाचं कुलूप निघेल. नाही बोललात तर पुन्हा यथावकाश. मग पुढच्या बाकावर जो मरेल, त्याच्या घरी काय सांगाल? शब्द दिला होता म्हणून?"

बाई अंगठा आणि बोटं एकमेकांवर चोळत राहिल्या. खडूची भुकटी झटकावी तसं. हातात खडू धरून कित्येक वर्षं झाली होती, तरी अडलं की बोटं ते करायची.

"विचार करते," त्या म्हणाल्या.

"विचार करा," अल्टन उठत म्हणाला. "पण उभ्या राहाल तेव्हा मी तुमच्या मागेच बसलेलो असेन."

त्या रात्री डब्लिनमधल्या भाड्याच्या खोलीत बाईंनी दोन्ही भाषणं मनात म्हणून पाहिली. एकात मॅलकी होता, एकात नव्हता. ज्यात मॅलकी होता ते चांगलं होतं. फार चांगलं होतं. त्याचंच त्यांना भय वाटलं.

*

सभागृह अर्धंमुर्धं भरलं होतं. मॅकगॅरी दुपारपासून उत्तरं वाचत होते. एक कागद संपला की मागचा अधिकारी पुढचा हातात देई. ते वाचत, बसत, पुन्हा उठत. बाईंचा क्रमांक आला. त्यांनी प्रश्न मांडला, तसा शिपायानं उत्तराची छापील प्रत त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. मंत्री वाचू लागतात तेव्हाच ती विचारणाऱ्याला मिळते, आधी नाही.

मॅकगॅरी वाचू लागले. बाईंचं बोट कागदावर ओळीखालून सरकू लागलं. ही जन्माची सवय. कुणीही मोठ्यानं वाचू लागलं, की त्यांचं बोट शब्दांखालून चालायचं.

"ड्रमकारा येथील रुग्णालयाबाबत सन्माननीय सदस्यांनी सातत्यानं पाठपुरावा केला आहे, याची मला जाणीव आहे. मला सांगण्यास आनंद वाटतो, की रुग्णालयाचा वरचा कक्ष येत्या सोमवारपासून उघडण्यात येत आहे."

सरकारी बाकांवर समाधानाची कुजबुज झाली. कुणीतरी बाकही वाजवलं. बाईंचं बोट थांबलं. मागे अल्टननं श्वास आत ओढलेला त्यांना ऐकू आला.

उघडतोय. इतकी वर्षं मागितलं, आणि उघडतोय. सोमवारी.

"प्रश्नात उल्लेखिलेल्या व्यक्तीस," मॅकगॅरी वाचत होते, "सध्या बॅलिनॉरन येथे ठेवण्यात आलं असून, त्यांना ड्रमकारा येथील कक्षात खाट मंजूर करण्यात आली आहे. त्यामुळे त्यांच्या..."

ते थांबले.

बाईंच्या बोटाखाली पुढची ओळ होती. त्यामुळे त्यांच्या यजमानांना यापुढे बुधवारच्या बसवर अवलंबून न राहता रोज पायी जाऊन त्यांना भेटता येईल, याचा मला विशेष आनंद होत आहे.

बाईंनी मान वर केली. मॅकगॅरी कागदाकडे बघत होते. त्यांची नजर त्या ओळीवरून पानाच्या वर गेली, गावाच्या नावावर, तिथून पुन्हा खाली आली. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. बाईंना कळलं. याला ठाऊक नव्हतं. ड्रमकाराची ती व्यक्ती म्हणजे विनी टॅन्सी, हे त्या घरात, त्या खुर्चीसमोर उभं राहूनही याला ठाऊक नव्हतं. तपशील खात्याकडे होता. खातं डब्लिनला होतं. आणि हा शिडी धरणाऱ्या माणसाला निरोप द्यायला आला होता, एवढंच.

मॅकगॅरींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"...यासाठी परिश्रम घेणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांचे मी आभार मानतो," ते म्हणाले आणि बसले.

ओळ गाळली होती. वाचताना मुलांची ओळ सुटते. नजर घसरते आणि पोर खालच्या ओळीवर जातं. त्याला हळूच मागे आणायचं असतं. आणि कधी एखादं पोर ओळ बघतं, वाचतं, आणि ती त्याच्या तोंडून निघत नाही. आई गेलेल्या मुलाला धड्यात आई भेटते, तसं. अशा वेळी बाई वर्गाला सांगायच्या, चला, पुढचं कोण वाचणार?

"सन्माननीय सदस्यांचा उपप्रश्न," अध्यक्ष म्हणाले. "एक मिनिट."

"बाई," मागून अल्टन कुजबुजला. "सोमवारी उघडतोय आणि माणूस बुधवारी गेला. सांगा त्यांना."

बाई उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर सरकवला.

"एका शब्दात!" समोरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मॅकगॅरी हसले नाहीत. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, छडीची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

भिंतीवरच्या घड्याळात मिनिट सुरू झालं होतं. वरच्या सज्जात कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत होता. कुठेतरी एका खोलीत टीव्ही चालू असेल, आणि त्याच्यासमोर खुर्च्या मांडलेल्या असतील.

"अध्यक्ष महोदय," बाई म्हणाल्या, "मंत्र्यांनी उत्तर दिलं. मी आभारी आहे."

"नोंद करा! नोंद करा याची!" समोरून आवाज आला. आणखी हशा.

"मला एकच विचारायचंय." त्यांची बोटं एकमेकांवर घासली जात होती. "ही खाट खिडकीजवळची मिळेल का? रस्त्याकडच्या खिडकीजवळची."

क्षणभर सभागृहाला कळेचना. मग मागच्या बाकावरून एक सदस्य म्हणाले, "पडदे कुठल्या रंगाचे हवेत तेही विचारून घ्या, बाई!" आणि दोन्ही बाजू मनमोकळ्या हसल्या. मागे अल्टननं फाइल धाडकन मिटली.

मॅकगॅरी उठले. अधिकाऱ्यानं पुढे केलेला कागद त्यांनी हातानं बाजूला सारला.

"हो," ते म्हणाले आणि बसले.

अध्यक्षांनी थोडी वाट पाहिली. "मंत्र्यांना आणखी काही सांगायचंय?"

मॅकगॅरींनी नकारार्थी मान हलवली.

*

अल्टन बाहेरच्या जिन्यात भेटला, पण थांबला नाही. "आभार!" एवढंच जाता जाता म्हणाला. "आभार मानलेत तुम्ही."

बाई कोट घालत होत्या, तेव्हा मॅकगॅरी एकटेच आले आणि खुंट्यांपाशी उभे राहिले.

"मला माहीत नव्हतं, बाई."

"दिसलं मला ते."

"त्या घरात मी तुमच्या हातचं सँडविच खाल्लं."

"खाल्लंत. हॅमचं."

मॅकगॅरी हातातली टोपी फिरवत राहिले. "तुम्ही बोलला असतात, तर मला तोंड वर करून उभं राहता आलं नसतं."

"तुम्ही ती ओळ वाचली असतीत," बाई म्हणाल्या, "तर बोलले असते मी कदाचित. शब्द मोडून बोलले असते." त्यांनी कोटाची शेवटची गुंडी लावली. "उशीर झाला हो, तुरलो. आपल्याला फार उशीर झाला."

*

वरच्या कक्षात नव्या रंगाचा वास होता. बऱ्याच खाटा अजून रिकाम्या होत्या. चादरी मात्र सगळ्यांवर ताणून घातल्या होत्या.

"ती बघा तुमची विनी," नर्स म्हणाली. "खिडकीजवळ. काय सांगू बाई, त्या खिडकीसाठी मंत्र्यांचा फोन आला. खुद्द मंत्र्यांचा! मी म्हटलं, कुणीतरी थट्टा करतंय. मी म्हटलं, तू मंत्री असशील तर मी पोप आहे. आणि मग कळलं, की खरंच तेच होते."

विनी उशांना टेकून बसली होती. कुणीतरी तिचे केस नीट विंचरले होते. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, मॉसीचं फाटक दिसत होतं, चौक दिसत होता, आणि चौकातला थांबा. मॅलकीचं घरही दिसत होतं. त्याचे पडदे ओढलेले होते; फिनोला परत गेली होती.

बाईंनी खाटेशेजारी दोन खुर्च्या आहेत हे पाहिलं. एकीवर विणलेली उशी होती. फिनोलानं ठेवली असणार. त्या दुसरीवर बसल्या.

"कोण?" विनीनं विचारलं.

"अट्रॅक्टा. शाळेतली."

विनीनं सौजन्यानं मान हलवली. नाव ओळखीचं नव्हतं, पण माणूस बरं वाटत होतं. "आमची फिनोला जाते शाळेत," ती म्हणाली. "तिच्या बाई फार कडक आहेत म्हणे. घरी येऊन नकला करते त्यांच्या. तिचा बाबा हसून हसून लोळतो."

"हो का?"

"हो ना. चांगली नक्कल करते."

बाईंनी पिशवीतून पुडी काढली. लवंगेच्या लाल गोळ्या. गावातल्या दुकानात मागितल्या, तेव्हा दुकानदारानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं होतं आणि मुकाट्यानं बांधून दिल्या होत्या. विनीनं पुडी हातात घेतली, हुंगली, आणि तिचा चेहरा उजळला. तिनं दाराकडे पाहिलं.

"आला वाटतं तो?"

बाईंनी तिच्या पांघरुणाची कड आत खोचली.

"आज बुधवार ना?"

"बुधवार."

"मग मॅलकी येणार." विनीनं एक गोळी तोंडात टाकली, गालात धरली, आणि बाईंकडे वळली. तिच्या डोळ्यांत एकाएकी खोडकरपणा आला. मान ताठ करून, नसलेला चष्मा कपाळावर सरकवून तिनं विचारलं, "येणार ना? हो की नाही? एका शब्दात सांगा."

नर्स पलीकडच्या खाटेची उशी सारखी करत होती; तिचा हात तिथेच राहिला.

बाईंची बोटं एकमेकांवर चोळली जाऊ लागली. दोन शब्द होते. शाळेत असताना त्या मुलांना सांगायच्या, खरं उत्तर नेहमी लहान असतं. त्यांनी विनीच्या गालातल्या गोळीच्या उंचवट्याकडे पाहिलं.

"यथावकाश," त्या म्हणाल्या.

विनीनं त्या शब्दावर थोडा विचार केला. तो तिला वजनदार वाटला असावा, भरवशाचा. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुडीतली एक गोळी काढून उशीच्या खुर्चीवर, त्याच्यासाठी, ठेवली.

खाली चौकात बस आली. थांब्याशी थांबली. दोघी काचेला टेकून बघू लागल्या. बसचं दार उघडलं. पिशव्या घेतलेली एक बाई उतरली, तिच्यामागून शाळेतली दोन मुलं उतरली. मग कुणी नाही. दार थोडा वेळ तसंच उघडं राहिलं. चालवणारी रिकाम्या बाकाकडे बघत होती की काय, वरून कळत नव्हतं. मग दार मिटलं आणि बस निघाली.

विनी बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"त्यात नव्हता," ती म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या.